पुराची कॅसेट

मागच्या महिन्यात आमच्या आळीतल्या एक काकू घरी आल्या. बसल्या नाहीत, चहा नको म्हणाल्या. दारातूनच विचारलं, "आरं, तुझ्याकडं पाच सालच्या पुराचं शूटिंग हाय का रं?"

कारण असं. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. गावात नदीकडच्या बाजूला नवीन प्लॉट पडलेत, त्यातला एक त्यानं बघून ठेवलाय. पीएफचे पैसे काढून इसार द्यायचा होता. प्लॉटवाले सांगतात, "२०१९ ला पाणी आलं हे खरं, पण तसा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. पाच साली इथं थेंब नव्हता." काकू म्हणतात, होता, मी डोळ्यानं बघितलाय. मुलगा म्हणतो, आई, तुझा घोटाळा होतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्याच्या आत बांधकाम करायचं नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटी घालून. चौदा वर्षांत एकाच जागी दोनदा पाणी आलं असेल, तर घेणाऱ्यानं दहादा विचार करायला हवा. म्हणून काकूंचा प्रश्न साधा नव्हता.

आता माझी गोष्ट. २००५ ला मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका चॅनेलला स्ट्रिंगर म्हणून लागलो होतो. कॅमेरा माझा नव्हता, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा सोनीचा पीडी-१७०. कॅसेट मिनी डीव्ही, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एक तासाची. पुराच्या आठवड्यात आम्ही अकरा कॅसेटी भरल्या. त्यातल्या नऊ नंतर मीच पुसल्या. पुसल्या म्हणजे त्यावर सभा, उद्घाटनं, उसाची आंदोलनं घेतली. कॅसेटला पैसे लागायचे आणि चॅनेलचं मानधन सहा-सहा महिने यायचं नाही. तेव्हा वाटलं, सगळं सीडीवर उतरवलंय की, कॅसेट कशाला अडकवून ठेवा?

ती समजूत महागात पडली.

काकू गेल्यावर आधी सीड्याच काढल्या. चार होत्या. दोन ड्राइव्हनं घेतल्याच नाहीत, नुसती घुर्रघुर्र. उजेडासमोर धरल्या तर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली. सीडीचा चमकणारा थर लेबलच्या बाजूला असतो, त्यावर फक्त वार्निशचा पातळ हात. आपण खालची बाजू जपत बसतो आणि वर स्टिकर चिकटवतो, पेननं रगडून नाव लिहितो. मी तर छान गोल स्टिकर छापून लावले होते, "महापूर २००५" म्हणून! ते सुटताना चांदी घेऊन सुटले. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, ती त्या मानानं बरी. पण घरी लिहिलेल्या दोन्हीत खरा मजकूर एका रंगद्रव्यात असतो, आणि ऊन-दमट हवेत रंग उडतो.

तिसरी मध्येच अडकली. चौथी चालली. नदीकडचा रस्ता, पाणी, विजेचा खांब, सगळं दिसलं. खांबावरचा नंबर मात्र पांढरा ठिपका. नंबर दिसला नाही तर तो खांब कुठला हे कोण मानणार?

इथं जरा तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. मिनी डीव्हीवर तासाभराचं चित्रण साधारण १३ जीबी होतं. सीडी ७०० एमबीची. मग ते बसवलं कसं? व्हीसीडी करून. डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, व्हीसीडीचं ३५२ बाय २८८. म्हणजे चारातले तीन ठिपके तिथंच गेले, उरलेल्यावर आणखी दाब. त्यावेळी चौकातल्या टीव्हीवर बघताना काही फरक वाटला नाही. पूर तोच, म्हशी त्याच, लोक तेच. नंबर गेला हे वीस वर्षांनी कळलं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना व्हिडिओ पाठवताना हेच होतं. २०१९ चे शेकडो व्हिडिओ गावात फिरतात, पण मूळ फाइल कुणाच्या फोनमध्ये आहे ते विचारा. फोन बदलला, फाइल गेली, उरलं ते फॉरवर्ड. तारीख बघायला गेलं तर फॉरवर्ड आल्याची तारीख.

उरलेल्या दोन कॅसेटी माळ्यावर होत्या. म्हणूनच २०१९ च्या पाण्यातून वाचल्या, माझ्या हुशारीनं नाही. मित्राचा पीडी-१७० पोत्यात गुंडाळलेला निघाला. हेड साफ केलं. लॅपटॉपला फायरवायरचं भोक नसतं आता, म्हणून त्याच्याच स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर झाडून चालू केला. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, घाई चालत नाही.

चित्र आलं. मध्ये मध्ये चौकोन फुटत होते, दोन-चार जागी फ्रेम गेली. पण डीव्हीत प्रत्येक फ्रेम आपल्यापुरती स्वतंत्र साठवलेली असते, त्यामुळं टेपला डाग पडला तर तेवढीच फ्रेम खराब होते. मोबाइलच्या एमपी४ मध्ये एक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमवर टेकलेली असते, आणि बऱ्याचदा फाइलची सूची शेवटी लिहिली जाते. शूटिंग चालू असताना बॅटरी काढली, तर फाइल उघडतच नाही.

आणि खांब आला. नंबर स्वच्छ. त्याच्याखाली वीतभरावर पाणी. खांब आजही तिथंच आहे, प्लॉटच्या कंपाउंडला लागून.

मग मित्रानं कॅमेऱ्यातलं डेटा कोडचं बटण दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ उमटली: ३ ऑगस्ट २००५, दुपार. ही तारीख चित्रावर छापलेली नसते, टेपवर वेगळी साठवलेली असते. सीडी करताना ती येत नाही. (कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं लावलं असतं तर वेगळी बोंब, पण आमचं बरोबर होतं.)

तरी क्लिप म्हणजे लगेच पुरावा नव्हे. जालन्याचा खटला आठवा. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रण सीडीवर कोर्टात आलं. सीडी ही प्रत, मूळ नव्हे, मग प्रमाणपत्र कुठंय, यावरून भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२० मध्ये कोर्टानं सांगितलं, मूळ साधनच हजर करत नसाल तर प्रमाणपत्र लागणार. आता नव्या साक्ष अधिनियमात त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. म्हणून उतरवलेल्या फाइलची हॅश काढून वहीत लिहिली आणि कॅसेट तशीच ठेवली, पुसायची नाही म्हणून.

फाइल आता तीन ठिकाणी आहे: हार्डडिस्क घरी, दुसरी मित्राकडं, तिसरी ऑनलाइन. हार्डडिस्कवरही माझा विश्वास नाही, २०१४ साली एक टेबलावरून पडली ती आजही टकटक करते. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, पण वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायची वस्तू ती नव्हे. त्यातला चार्ज हळूहळू झिरपतो. ऑनलाइनचंही तसंच, दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढू शकतं. त्यामुळं दर दिवाळीला तिन्ही उघडून बघायच्या, असं ठरवलंय.

काकूंच्या मुलाला मूळ फाइल दाखवली, पेन ड्राइव्हवर दिली. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. तो बराच वेळ गप्प होता. इसार सध्या थांबवलाय. प्लॉटवाले म्हणतात शूटिंग दुसरीकडचं असेल. त्यांना खांब दाखवायला मी कधीही यायला तयार आहे.

आता तुमच्याकडचं काम. मिनी डीव्ही कॅसेटी बनवणं सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं, कोऱ्या ब्लू-रे डिस्कसुद्धा. कॅमेरा किती दिवस चालेल सांगता येत नाही. गावात लग्नाच्या, यात्रेच्या, सभांच्या कॅसेटी अजून कितीतरी घरांत पडून असणार, आणि २००५ च्या पुरात कुणीतरी आपल्या गच्चीवरून शूट केलंच असेल. मिळाल्या तर पुढं-मागं फिरवून बघू नका. बुरशी दिसली तर पुसू नका. कॅसेटच्या पाठीवरचं बारकं बटण "सेव्ह"कडं सरकवा आणि इनबॉक्समध्ये कळवा. रविवारी आम्ही दोघं स्टुडिओत बसतोय. पैसे नकोत, एक हार्डडिस्क घेऊन या.