कूल गाडी, हॉट ट्रॅक

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडा आणि हायवे सोडूच नका. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, दावणगिरी (इथे बेन्ने डोसा मस्ट!), बंगळुरू... एनएच ४८ थेट चेन्नईपर्यंत जातो. चेन्नईच्या चाळीसेक किलोमीटर अलीकडे इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव लागतं. नाव उच्चारायला वेळ लागेल, लागू दे. पुण्याहून साधारण साडेअकराशे किलोमीटरवरच्या या गावात आपल्यासारख्यांना बिनधास्त गाडी पळवता येते, तीही पोलिसमामांची भीती न बाळगता.

हा मद्रासचा रेस ट्रॅक. १९५३ साली सुरू झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. आधी त्यांच्या रेस शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९० मध्ये हा ३.७ किलोमीटरचा पक्का ट्रॅक झाला. रेस नसतात तेव्हा इथे ‘ट्रॅक डे’ होतात. म्हणजे स्पर्धा नाही, कप नाही. सोमवारी ऑफिसला नेता तीच गाडी आणायची, हेल्मेट चढवायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये हौस भागवून घ्यायची.

माझा आयटीवाला मित्र यंदा जानेवारीत गेला, मी शेजारच्या सीटवर. गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, ईएमआयची तीन वर्षं बाकी. त्यात नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला कव्हर नसतं. थोडक्यात, ठोकली तर खिशातून. आणि हीच गाडी चालवत परतही यायचं!

पठ्ठ्याला आधी मोठ्ठा आवाज करणारा एक्झॉस्ट बसवायचा होता. आमचा गॅरेजवाला हसला. म्हणाला, ‘पळते चांगली हो ती, आधी थांबायचं बघू.’

त्याचा फंडा साधा होता. ब्रेक मारला की वेग कुठे जातो? उष्णतेत. अकराशे किलोची गाडी ताशी १५० वरून ७० वर आणताना जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात अडीच लिटर पाणी चहासाठी उकळीला येईल. शहरात असा ब्रेक दिवसात एखादा. ट्रॅकवर दर लॅपला कितीतरी वेळा, आणि मध्ये थंड व्हायला सिग्नल नाही.

म्हणून सगळ्यात आधी ब्रेक ऑइल बदललं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की तीच हमी १५५ वर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ होत जमिनीला टेकतं, गाडी मात्र थांबत नाही. मग आले जास्त तापमान सोसणारे पॅड, रबरी होजऐवजी स्टीलची वेणी असलेले होज, आणि बंपरमधल्या फॉगलॅम्पच्या जागेतून डिस्ककडे हवा नेणारा पाइप. पाइप म्हणजे निव्वळ जुगाड, पण झक्कास!

इंजिनाकडे त्यामानाने कमी काम निघालं. रेडिएटरच्या पत्र्यांतला कचरा काढला, नवं कूलंट भरलं, कडेच्या फटी फोमने बुजवल्या. फट असली की हवा सोपी वाट धरते आणि रेडिएटरला बगल देऊन निघून जाते. ऑइल कूलर मात्र नाही घेतला. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने त्यावर पैसे घालवू नयेत, असं माझंही मत आहे. इंजिन ऑइल ताजं ठेवा, सेशन छोटं ठेवा.

चेन्नईकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. दुसऱ्या सेशननंतर एक सेडान पिटमध्ये आली, पुढच्या चाकांतून धूर आणि चालवणारा पांढराफटक. पेडल संपलं होतं. नशीब, वळणाबाहेर मोकळी जागा होती. नंतर तो बॉनेटखालचा चकचकीत लाल एअर फिल्टर आम्हाला दाखवत होता. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? आठवत नव्हतं.

आमच्या डॅशवरच्या छोट्या स्क्रीनवर कूलंटचा आकडा ९८ वरून १०७ वर गेला, तेव्हा मित्राने न सांगता पाय उचलला. एक अख्खा लॅप ब्रेकला न शिवता, हळू, हवा खात काढला. आकडा उतरला. मला तरी त्या दिवसातलं हेच सगळ्यात भारी ड्रायव्हिंग वाटलं. पिटमध्ये हँडब्रेक लावायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट. तापलेला पॅड तसाच दाबून ठेवला की डिस्कला चिकटतो.

पाचव्या सेशनलाही पेडल सकाळइतकंच कडक होतं.

संध्याकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी टॉर्च धरला आणि त्याने जुने पॅड परत बसवले. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, वर किंचाळतात. हिंजवडीच्या सिग्नलला कोण ऐकून घेणार? येताना आंबूरला थांबलो. तेही याच हायवेवर. बारीक सांबा तांदळाची बिर्याणी आणि सोबत वांग्याचं आंबट कालवण. दोन प्लेट मागवल्या, तिसरी वाटून खाल्ली.