फोटोवरचं नाव

माझा भाचा अर्धापुरात फोटोग्राफर आहे. लग्नं, वाढदिवस, गणपती, आंबेडकर जयंती, मोहरमची सवारी, सगळं काढतो. कामं नसली की केळीच्या बागांत जातो. कापणीला आलेल्या घडांचा त्याचा एक फोटो मागच्या वर्षी इतका फिरला की शेवटी कुणाच्या तरी जाहिरातीत दिसला. ना नाव, ना पैसे. तेव्हा त्याने ठरवलं, आता वॉटरमार्क हवाच. सल्ला मागायला माझ्याकडे आला, "मामू, नाम कैसा डालूं?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. कोपऱ्यात टाकलेलं नाव कात्री लावून दोन सेकंदांत उडवता येतं. मधोमध टाकलं तर नवरीच्या चेहऱ्यावर दुकानाची पाटी. पांढरी अक्षरं पांढऱ्या शेरवानीवर विरघळतात, म्हणून त्यांना बारीक काळी सावली लागते. मराठी अक्षरांना शिरोरेषेचा आधार असतो, पण आकार लहान केला की अनुस्वार आणि मात्रा आधी गायब होतात. नस्तालीकमध्ये नाव देखणं दिसतं, पण त्यातले नुक्ते तर त्याहून लवकर जातात, आणि आपल्याकडे ते वाचणार किती जण? फोटोच्या फाईलमध्ये लपवलेल्या माहितीवरही विसंबता येत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती पुसली जाते. गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्येच दाखवलं होतं की शेकडो फोटोंवर तोच शिक्का तसाच्या तसा असेल तर संगणक तो ओळखून साफ काढू शकतो. दर फोटोत शिक्क्याचा आकार जरा वाकवला तर काढणं अवघड जातं. हे सगळं त्याने मन लावून ऐकलं.

पण खरी अडचण दुसरीच होती. ओळखीतल्या एकाने त्याला सांगितलं होतं, "पूर्ण नाव नको टाकू. इंग्रजीतली दोन अक्षरं टाक आणि पुढं फोटोग्राफी. सगळ्या समाजाची कामं मिळतील." माणूस वाईट नाही, काळजीनेच बोलला. म्हणूनच ते जास्त लागलं. माझ्या बहिणीलाही ते पटलं. फोटो कुठवर जातो सांगता येत नाही, हवा कधी फिरेल तेही नाही. केशवराजाच्या मूर्तीच्या फोटोखाली 'शेख' दिसलं तर कोण काय म्हणेल, ही तिची धास्ती. ही धास्ती खोटी आहे असं मी तिला सांगू शकलो नाही. पोट त्याचं आहे, माझं नाही.

मी त्याला राजा दीनदयाळांबद्दल सांगितलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाचे हे दरबारी छायाचित्रकार. मेरठजवळच्या सरधन्याचे जैन. सहाव्या निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांतलं हे एक नाव, आणि ते एका जैनाच्या किताबात! दीनदयाळ आपलं नाव आणि क्रमांक निगेटिव्हवरच लिहीत. छापील प्रतीत ते आपोआप उमटे. मुसलमान राजाच्या दरबारातही ते दीनदयाळच राहिले.

त्यांचीच आणखी एक गोष्ट भाच्याला जास्त भावली. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला बाईच नेमली. आपल्याकडच्या लग्नांत आजही जनान्यातले फोटो बाहेर फिरू नयेत असं घरच्यांना वाटतं. त्या फोटोंवर स्वतःचं नाव टाकायचंच नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. कारण नाव टाकलं की दाखवावंसं वाटतं. शिवाय पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही ग्राहकच असतो. काढणारा म्हणून नाव सांगण्याचा हक्क तेवढा फोटोग्राफरकडे राहतो.

बाकी फोटोंवर आता मराठीत पूर्ण नाव येतं, आडनावासकट, आणि खाली बारीक 'अर्धापूर'. कोपऱ्यात नाही, घडाच्या किंवा माणसाच्या अगदी जवळ, कापलं तर फोटोही कापला जाईल असं. परवा त्याने केशवराजाचा फोटो टाकला. बहिणीने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "अक्षरं अजून थोडी फिकी कर रे." त्याने केली नाहीत. गडदपणा 40 टक्क्यांवर आहे.