हळद, हसू आणि सिरॅमिक

अठ्ठाविसाव्या वर्षी दातांना तारा? आई म्हणाली, ‘‘अगं, स्थळं बघतोय आपण, आणि आत्ता हे काय नवीन?’’ तिचंही खरं होतं. तारा म्हणजे आठवी-नववीतली गोष्ट. पण मी आठवीत होते तेव्हा घरात दादाच्या इंजिनीअरिंगच्या फीचं गणित सुटत नव्हतं. माझ्या वेड्यावाकड्या दातांकडे कोण बघणार? तेव्हापासून प्रत्येक फोटोत माझे ओठ मिटलेले.

फ्रीलान्सिंगच्या मानधनातून दोन वर्षं पैसे साठवले आणि सिरॅमिकच्या तारा लावायचं ठरवलं. २००२ मध्ये टॉम क्रूझने ऐन भरात असताना अशाच तारा लावल्या होत्या. त्याचे फोटो दाखवून आईला पटवलं!

तुम्हीही विचार करत असाल, तर फंडा समजून घ्या. दातावर चिकटवतात तो ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनाचा, दाताच्या रंगाशी मिळताजुळता. त्यातून जाणारी तार मात्र बहुतेकदा धातूचीच. त्यामुळे लांबून कळत नाही, जवळून कळतं. स्टीलपेक्षा हे महाग आणि ठिसूळही. म्हणजे चिक्की, कडक लाडू बंद. शिवाय सिरॅमिक दाताच्या इनॅमलपेक्षा कठीण असतं. वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत राहिले तर ते झिजतात. माझे वरचे दात खालच्यांवर बरेच उतरतात, म्हणून डॉक्टरांनी वर सिरॅमिक आणि खाली स्टील लावलं. ‘मॅचिंग नाही’ याचं मला दोन दिवस टेन्शन होतं.

खरी व्हिलन निघाली हळद. ब्रॅकेट पिवळा पडत नाही, पण तार धरून ठेवणारी इवलीशी रबरी रिंग एका आमटीत रंग बदलते. चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर ती बदलतात. म्हणून मी अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी बिनधास्त मिसळ हाणते, आणि एखाद्या मोठ्या मुलाखतीच्या आठवड्यात दहीभातावर राहते.

अजून वर्ष तरी जाईल. मग रिटेनर आहेच, नाहीतर दात पुन्हा आपल्या जागी पळतात. परवा दादा फोनवर चाचरत म्हणाला, ‘‘पुढचे हप्ते मी भरू का गं?’’ आठवीचं त्याच्याही लक्षात होतं तर! घसा जरा दाटलाच. पण मी नको म्हटलं. हे हसू माझ्याच कमाईचं असू दे. त्याला मात्र लगेच एक फोटो पाठवला. पिवळ्या रिंगांसकट, ओठ न मिटलेला.