मावशीकडचा आश्विन

दसऱ्याच्या सुट्टीत इंदूरहून पेडण्याला मावशी-काकांकडे गेलो. निवृत्तीनंतर दोघं काकांच्या जुन्या घरी राहतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तो ओसरला की घर वाळवायचं काम निघतं: गाद्या, पापडांचे डबे, काकांची पुस्तकं. कुबट वास तरी उरतोच. अंगणातलं शेवाळ काका खराट्याने घासतात. गेल्या वर्षी तिथेच घसरून मावशीचं मनगट मोडलं. म्हणून तर आईने बजावलं होतं, "दोघांना घेऊनच ये."

दुपारी विषय काढणार, तोच गडगडलं. परतीचा पाऊस! शेजाऱ्यांचं कापलेलं भात शेतातच होतं. काका डोक्याला पंचा गुंडाळून धावले, मागून मी. ताडपत्री ओढेपर्यंत चिंब झालो, पण बरंचसं भात वाचलं. (इंदूरला शेजाऱ्यांच्या कशासाठी मी कधी धावलो नव्हतो.)

मावशीने आल्याचा चहा दिला. "दिवाळीला या भाताचे पोहे होतील. नरकचतुर्दशीला घरोघरी तेच असतात."

"पण आईला काय सांगू?"

"विचार तिला, ताकातले आवडतील की नारळाच्या रसातले. तिलाही घेऊन ये."