कानामागचा सोबती

उंची बोटाच्या पेराएवढी, रंग कातडीशी मिळताजुळता, बसायची जागा कानाच्या मागे. श्रवणयंत्राला मिरवणं ठाऊकच नाही. चष्म्याची कुणाला लाज वाटत नाही. हे मात्र पाहुणे आले की पदराआड, टोपीखाली दडवलं जातं. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात म्हातारपण बहुधा घरातच, ओसरीवर सरतं. याची चाकरीही तिथंच.

याचा आहार म्हणजे गोळीएवढा सेल. त्याच्यावर रंगीत पट्टी असते. ती सोलली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. मिनिटभर उघडा ठेवून मग तो बसवायचा. एकदा सोललेला सेल न वापरताही संपतो. पट्टी परत चिकटवून काही होत नाही. दिवसभर यंत्र घातलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत नवा सेल लागतो. कानात सैल बसलं की हे शिट्टी घालतं, कानात बसणाऱ्या साच्याच्या भोकात मळ साचला की गप्प होतं. घाम आणि पावसाळी दमट हवा त्याला सोसत नाही. तक्रारी सगळ्या साध्या, पण थरथरत्या बोटांनी आणि अंधूक नजरेनं त्या दूर होत नाहीत.

ते प्रामाणिकही आहे. आवाज वाढवतं, तरुणपणचा कान परत देत नाही. वयाबरोबर आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त ही अक्षरं निसटतात. सुनेचा आवाज आजीपर्यंत पोचतो, पण ती ‘ताप’ म्हणाली की ‘साप’, ते उमगत नाही. ‘ऐकू येतं गं, समजत नाही,’ हे आजीचं बोलणं अगदी खरं असतं. मग घरचे ओरडतात आणि शब्द आणखीच फाटतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की यंत्राला निम्मी मदत होते.

पहिले काही दिवस भांडी, पंखा, मोटारसायकल सगळंच अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. एवढा धीर न धरल्यानं कितीतरी यंत्रं डब्यात जातात.

साठीच्या पुढे निम्म्याहून अधिक माणसांना थोडंफार तरी कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या बारा गोष्टींत श्रवणदोषही धरला. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना अशी यंत्रं देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. यंत्र हाती येणं ही मात्र सुरुवात आहे. कानाची तपासणी, मापाचा साचा आणि सेल बदलणारा घरचा हात नसेल, तर ते कानापर्यंत पोचत नाही.

तुमच्या घरात असं यंत्र असेल, तर आजच डबा उघडा. साचा पुसा, नवा सेल घाला, आजोबांच्या कानात नीट बसवा आणि समोर बसून बोला. ही सेवा नातवंडालाही जमते. ती कुणा एकानं आपल्या अंगावर घ्यायला हवी.