नवलेखकाची यात्रा

पंढरीस निघालेला वारकरी जसा टाळ घेऊन निघतो, तसा साहित्यसंमेलनास निघालेला नवलेखक आपली वही घेऊन निघतो. पिशवीत दोन कपडे, आईने बांधून दिलेल्या दशम्या, आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली कवितांची वही! तिच्यावर कोणा थोर साहित्यिकाची दृष्टी पडावी, एवढीच त्याची मनीषा असते.

ही यात्रा फार जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. तिचे अध्यक्षपद रानडे यांनीच भूषविले. त्या लहानशा रोपट्याचा आता वटवृक्ष झाला आहे. २०२४ साली फेब्रुवारीच्या २ ते ४ या तारखांना खानदेशातील अमळनेर येथे सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. याच गावी १९५२ सालीही संमेलन भरले होते. बहात्तर वर्षांनी सारस्वतांचा मेळा पुन्हा बोरी नदीच्या काठी जमला.

अशा मेळ्यात प्रथमच येणाऱ्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. पहिल्या दिवशी ग्रंथदिंडी निघते. पालखीत देवाच्या मूर्तीऐवजी ग्रंथ विराजमान झालेले असतात. पुढे लेझीम खेळणारी मुले, मागे टाळमृदंगांचा गजर. पुस्तकांना असा मान मिळताना पाहून त्या तरुणाचे ऊर भरून येते. मग तो ग्रंथप्रदर्शनात शिरतो. एक पुस्तक हाती घ्यावे, किंमत पाहून खाली ठेवावे, पुन्हा उचलावे, असे करता करता दुपार टळते. शेवटी परतीच्या भाड्यापुरते पैसे बाजूस ठेवून तो एकच पुस्तक विकत घेतो. त्या दिवशी त्याचे जेवण दशम्यांवरच होते.

ज्या साहित्यिकांस भेटावयाचे, ते मंडपाच्या दाराशी दिसतात खरे. परंतु त्यांच्याभोवती स्वाक्षरी मागणाऱ्यांचा गराडा असतो. तरुण दोनदा पुढे सरकतो आणि दोनदा मागे येतो. वही पिशवीतच राहते.

उरतो तो कविकट्टा. तेथे नवोदितांना आपली कविता वाचावयास मिळते. नावांची यादी लांबलचक, प्रत्येकास वेळ मोजका. अखेर त्याचे नाव पुकारले जाते. घसा कोरडा पडतो, कागद थरथरतो, कविता संपते. थोड्या टाळ्या वाजतात आणि लगेच पुढचे नाव पुकारले जाते. इतक्या दिवसांची प्रतीक्षा अशी क्षणात सरून जाते!

खाली आल्यावर मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात येते. समोर बसलेले बहुतेक श्रोते कवीच आहेत. ज्याची कविता वाचून होते, तो कागद आवरून निघून जातो. खुर्च्या एकेक करून रित्या होत आहेत. तोही उठू लागतो. इतक्यात एक वृद्ध शेतकरी मंचावर चढतो. त्याच्यापुढे पाचसहाच माणसे उरलेली असतात. तरुण क्षणभर घुटमळतो आणि पुन्हा खाली बसतो.

कोरड्या विहिरीवरची ती कविता! शब्द साधे; पण त्या विहिरीचा तळ ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याचेच ते शब्द होते. ऐकता ऐकता तरुणास स्वतःच्या कवितेचा विसर पडतो. खाली उतरल्यावर वृद्ध त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “पोरा, तू बसून राहिलास, म्हणून मला शेवटपर्यंत वाचता आलं.”

थोर साहित्यिकाची शाबासकी मिळावी म्हणून आलेल्या तरुणास दुसऱ्याला आपल्या ऐकण्याने बळ देता येते, हे असे अनपेक्षितपणे कळते.

अमळनेरच्या भूमीस ही शिकवण ठाऊक आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. ना छापखाना, ना मानधन, ना गाजावाजा. वाचक म्हणजे भोवतालची मुले. पण त्या मुलांची सुखदुःखे गुरुजींनी जवळून पाहिली होती. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली आणि ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. अगणित वाचकांच्या हृदयाला भिडणाऱ्या या लेखणीस मूठभर मुलांसाठी लिहिण्यात कधी कमीपणा वाटला नाही.

संमेलन कोणास लेखक बनवीत नाही. तीन दिवसांनी मंडप उतरतो, पताका निघतात, माणसे पांगतात. परंतु ज्याने तेथे मन लावून ऐकले, त्याच्या कानांत इतरांची सुखदुःखे घुमत राहतात आणि पुढे लिहिताना तीच त्याच्या उपयोगी पडतात. शाळेच्या हस्तलिखितासाठी कविता लिहिणाऱ्या मुलानेही आपले पान देऊन झाल्यावर शेजारच्याचे पान आस्थेने वाचावे. त्याचा वाङ्मयाशी खरा स्नेह तेथूनच जडेल.