तुऱ्याचा फोटो

आपल्या गावाचा फोटो काढता येत नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि इतरांना पटवूनही देत होतो. फोटो काढायचा तर भिगवण गाठायचं. उजनीच्या फुगवट्यावर पहाटे होडीत बसायचं, रोहित पक्ष्यांचा थवा उठेपर्यंत दम धरायचा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसला तर दिवस सोन्याचा. आषाढीच्या वाटेवर काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, तिथं गर्दीत घुसायचं. माळेगाव बुद्रुकमध्ये काढायचं काय? सपाट रान, ऊस, कालवा, शिवनगरला कारखान्याचं धुराडं आणि नीरा-बारामती रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग. रोजच्या गोष्टी आपल्याच डोळ्यांना दिसत नाहीत, तर कॅमेऱ्याला कुठून दिसणार, असं मी म्हणायचो.

त्यामागे ऋतूंची माझी एक ठाम कल्पना होती. पावसाळा म्हणजे धुकं आणि धबधबे, वसंत म्हणजे पळस. आमच्या तालुक्यात यातलं फारसं काही नाही. बारामती पर्जन्यछायेत, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. भोरच्या डोंगरात ढग रिकामे होतात आणि आमच्यावरून नुसते पुढे जातात. तरीही माळेगाव बारा महिने हिरवं असतं. वर्षभर एकच रंग, म्हणजे इथं ऋतूच नाहीत, असा मी हिशेब लावला होता. पावसाळ्यात कॅमेरा उचलून मी भोरलाच जायचो.

हा हिशेब मोडला तो तुऱ्यामुळे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाला तुरे येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खं रान रुपेरी दिसतं, वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डुलतं. गावात राहून मी मनापासून काढलेला पहिला फोटो याच दृश्याचा होता. आमच्या शेजारच्या तात्यांना तो मोबाइलवर दाखवला, कारण रान त्यांचं होतं. त्यांनी बराच वेळ बघितला. म्हणाले, "झ्याक आलाय. पण तुरा चांगला नसतो बाबा. तोड कधी येतीया, त्याचीच काळजी लागलीया."

मग त्यांनी मला रानात नेलं. तुरा आला की उसाची वाढ थांबते. शेंडा फुलून गेलेला असतो, त्यामुळे नवी कांडी धरत नाही. दीड-दोन महिन्यांत तोड झाली तर फारसं बिघडत नाही. त्यानंतर मात्र बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, आतून दशी पडते, ऊस पोकळ होतो, वजन आणि साखर दोन्ही उतरतात. तात्यांनी एक ऊस कोयत्यानं उभा चिरून दाखवला. मधोमध कापसासारखी पांढरी रेघ होती. मी पुढं कृषीच्या पुस्तकांत वाचलं की या फुलोऱ्याची तयारी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दिवस साडेबारा तासांच्या आसपास असताना, शेंड्याच्या आत होऊन गेलेली असते. बाहेर दिसतं ते नंतर.

माझ्या फोटोत यातलं काहीही नव्हतं. तो देखणा होता, आजही आहे. पण ज्याच्या रानाचा तो फोटो, त्याला त्यात काळजी दिसत होती आणि मला चांदी. त्या दिवसापासून मला प्रश्न पडू लागला, की आपण इथं जन्मलो, इथंच वाढलो, तर फोटो मात्र वाटसरूसारखा का काढतो?

मग ऋतू दिसायला लागले. ते सहा नाहीत, आणि आभाळातून तर फार थोडे येतात. आमची हिरवळ नीरा डाव्या कालव्याची. १८८५ च्या सुमारास इंग्रजांनी हा कालवा काढला, भाटघरचं पाणी इकडं आलं आणि कोरडवाहू मुलखाचा चेहरा बदलला. आजही वीर धरणातून आवर्तन सुटलं की गावाची चाल बदलते. उन्हाळ्यात पोरं कालव्यात उड्या मारतात, इंदापूरकडं टेलच्या शेतकऱ्यांना पाणी पोचेल का याची चर्चा चहाच्या टपरीवर सुरू होते. नवरात्राआधी काठावर गोधड्या वाळत पडतात, रंगांची अशी उधळण मी कुठल्या घाटात पाहिलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण होते. एका बाजूला नुकतीच पाडलेली सरी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर गेलेला वर्षाचा ऊस, असे दोन काळ एका बांधावर उभे असतात. पुढं कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते, आणि मग उन्हाळा तोंडावर येईपर्यंत भोंग्याच्या वेळांवर गाव चालतं. वाऱ्याची दिशा फिरली की अंगणातल्या कपड्यांवर काजळी उतरते, मळीचा वास घरात येतो. हंगाम संपल्यावर रात्री जी शांतता पडते, ती तर आमच्या भागातला एक वेगळा ऋतूच आहे. तिचा फोटो कसा काढायचा, हे मला अजून साधलेलं नाही.

या वळणावर दादासाहेब फाळके मला नव्यानं भेटले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि त्याच जागेवरून थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली. गोध्ऱ्यात फोटोचा स्टुडिओ चालवलेल्या या माणसाला कुठं लांब जावं लागलं नाही, जागेवर टिकून राहावं लागलं. तिकडं प्रागमध्ये योसेफ सुडेक या छायाचित्रकारानं, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला असताना, १९४० पासून पुढं कित्येक वर्षं आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले. काचेवरचं दव, बर्फ, पलीकडचं वाकडं झाड. मी त्यांच्या पंगतीला बसत नाही. पण एकाच बांधावर पुन्हापुन्हा उभं राहण्याची लाज वाटेनाशी झाली, ती या दोघांमुळे.

माणसांबद्दलही माझं मत फिरलं. पूर्वी चौकटीत कुणी आलं की ते बाजूला होईपर्यंत मी थांबायचो. नंतर दुसऱ्या टोकाला गेलो. बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्यांचे कष्टाचे फोटो काढावेत, असं वाटायला लागलं. डोक्यावर मोळी, हातात कोयता, पाचटानं कापलेले हात. एका फडात एका बाईंना मी विचारलं, काढू का? त्या म्हणाल्या, "थांबा दादा, कोयता ठिवू द्या." तोंड धुऊन, पदर नीट करून, कोपीतून लेकरू आणून त्या ताठ उभ्या राहिल्या. गावाकडं आजीला दाखवायला त्यांना तो फोटो कागदावर हवा होता. घाम आणि कोयता मला हवा होता, त्यांना नको होता. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम आणि त्यांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. त्या फोटोंत माणसं कॅमेऱ्याकडे बरोबरीनं का बघतात, ते मला त्या फडात थोडंसं उमगलं. आता मी आधी लोकांना हवा तो फोटो काढतो आणि छापून देतो. माझ्या मनातला जमला तर नंतर.

सुंदर दिसणाऱ्या गोष्टींबद्दल माझ्या मनात कडवटपणा आलेला नाही. तुरे मी दरवर्षी काढतो. मात्र त्या फोटोच्या मागं शेताचं नाव, उसाची जात, लागणीचा महिना आणि तोडीची तारीख लिहितो. तोड झाल्यावर त्याच जागेवरून दुसरा फोटो घेतो. एकट्या फोटोपेक्षा ही जोडी मला जास्त खरी वाटते.

फडात पेटवलेल्या पाचटाच्या बाबतीत मात्र मला जड गेलं. रात्रीच्या अंधारात लाल ज्वाळा, वर उडणाऱ्या ठिणग्या, कॅमेऱ्याला याहून सोपं काही नाही. हे पाचट एकरी तीन-चार टन निघतं आणि सरीत ठेवलं तर ओल धरतं, तण दाबतं, कुजून मातीत मिसळतं. पाचट जाळू नका म्हणून शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र आणि इतर जाणकार कधीचं सांगतायत. मी ज्वाळा काढणं सोडलं आणि पाचट राखलेल्या एका खोडव्याचे महिन्या-महिन्याचे फोटो काढायला लागलो. फोटो म्हणून ते अगदीच साधे: तपकिरी थर, मधून वर आलेले हिरवे कोंब, पुढच्या फोटोत थर थोडा खचलेला, त्याच्या पुढच्यात पाचट ओळखूही न येणारं.

तात्यांनी तेच फोटो मागून नेले, भावकीतल्या एकाला दाखवायला. त्यानं यंदा अर्ध्या रानातलं पाचट राखलंय. उरलेल्या अर्ध्याचं पुढच्या साली बघू, म्हणतो.